रंगांची शिस्त, वेळेची बरकत

शाळा सुरू व्हायचे दिवस आले की स्टेशनरीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वह्या, कव्हरे आणि कंपासपेट्यांच्या जोडीला अलीकडे आणखी काही माल काउंटरवर दिसू लागला आहे. रंगीत चिकटचिठ्ठ्या, हायलायटरची पाकिटे, दर महिन्याला वेगळा रंग असलेले 'प्लॅनर'. मुली हौसेने हातात घेतात, अम्मी किंमत पाहून परत ठेवायला लावतात. मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ मात्र ठासून सांगत असतो, की टेबल निळे करा म्हणजे एकाग्रता वाढेल, भिंत पिवळी करा म्हणजे कामाला उत्साह येईल.

यात खरे किती आणि विक्रीची युक्ती किती, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रंग कोणाकडूनही काम करवून घेत नाही. पण शोधाशोधीत जाणारा वेळ तो वाचवतो. विसरली जाणारी गोष्ट डोळ्यांसमोर ठेवतो. आणि घरात कोणाच्या वाट्याला किती काम आहे, ते न बोलता दाखवतो. हे तिसरे काम सर्वांत मोलाचे आहे आणि त्याविषयीच सहसा कोणी बोलत नाही.

ही रीत आपल्याला नवी नाही

रंगाने खूण करणे ही हल्लीची टूम आहे, असे पुष्कळांना वाटते. आपल्या घरातल्या मुसहफचा इतिहास वेगळे सांगतो. सुरुवातीच्या काळातील कुरआनच्या प्रतींत जेर, जबर, पेश यांच्या खुणा नव्हत्या. अरबांना त्यांची गरज भासत नसे. इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, अरबी ही ज्यांची मातृभाषा नाही असे लोक तिलावत करू लागले, तेव्हा उच्चारात चुका होऊ लागल्या. बसरा येथील विद्वान अबुल अस्वद दुअली (निधन हिजरी ६९) यांनी त्यावर उपाय काढला. रिवायतीनुसार त्यांनी एका लेखनिकाला समोर बसवले आणि मजकुराच्या शाईहून वेगळ्या रंगाची शाई घ्यायला सांगितली. माझे ओठ उघडले की अक्षराच्या वर ठिपका दे, खाली गेले की खाली दे, गोल झाले की बाजूला दे. पहिल्या काही शतकांतील कूफी लिपीतल्या ज्या प्रती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, त्यांपैकी अनेकांत काळ्या अक्षरांभोवती हे लाल ठिपके दिसतात.

पुढे अंदलुसमधील, म्हणजे आजच्या स्पेनमधील, इमाम अबू अम्र दानी (निधन हिजरी ४४४) यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मदीनेचे लोक हरकतींसाठी लाल आणि हमजासाठी पिवळा रंग वापरतात, अशी नोंद त्यांनी केली आहे. हे ठिपके काळ्या शाईने देणे त्यांना पसंत नव्हते. मूळ मजकूर कोणता आणि वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नंतर जोडलेली खूण कोणती, हा फरक कायम दिसत राहावा, ही त्यामागची काळजी होती.

आज बाजारात मिळणारा रंगीत तजवीदचा मुसहफ याच रांगेतला म्हणता येईल. गुन्ना, कलकला, इख्फा, मद यांना त्यात वेगवेगळे रंग असतात. कोणत्या नियमाला कोणता रंग, हे प्रकाशकागणिक बदलते, म्हणून रंगांचा तक्ता सोबत छापलेला असतो. मदरशातली सात-आठ वर्षांची मुले तो तक्ता चार दिवसांत पाठ करतात आणि पुढे त्याकडे पाहतही नाहीत.

उर्दू वर्तमानपत्रातल्या ठळक मथळ्याला आपण 'सुर्खी' म्हणतो. सुर्ख म्हणजे लाल. हस्तलिखितांत मथळे लाल शाईने लिहीत, त्यावरून हा शब्द आला. जुन्या ग्रंथांत मूळ मतन लाल शाईत आणि त्यावरची शरह काळ्या शाईत, अशी वाटणीही पुष्कळदा आढळते. कागद महाग होता, पान गच्च भरलेले असे. तरी वाचणाऱ्याला हवी ती ओळ चटकन सापडावी म्हणून लेखनिक दुसरी दौत जवळ ठेवत असे.

या सगळ्यातून दोन नियम हाती लागतात. एका रंगाचा अर्थ एकच असावा. आणि कोणत्या रंगाचा काय अर्थ, ते लिहून ठेवलेले असावे. प्लॅनर विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण नेमके हे दोनच नियम पाळत नाहीत.

डोळा आधी रंग टिपतो

पसाभर हिरव्या वाटाण्यांत एक लाल मणी टाकून पाहा. वाटाणे पन्नास असोत की पाचशे, मणी तेवढ्याच वेळात दिसतो. तो शोधावा लागत नाही, तोच डोळ्यांत भरतो. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन यांनी गॅरी गेलेड यांच्यासह १९८० मध्ये याचा उलगडा मांडला. रंगासारखा एखादा साधा गुण नजर एका झटक्यात टिपते. पण रंगही बघा आणि आकारही बघा, असे दोन गुण एकत्र शोधायला सांगितले की मन एकेक वस्तू तपासू लागते आणि वेळ वाढत जातो. डायरीत दहा रंग, त्यात चौकोन, तारे, बाण आणि फुले अशी गर्दी झाली की नेमके हेच घडते.

त्याआधी १९३३ मध्ये जर्मनीत हेडविग फॉन रेस्टोर्फ यांनी दाखवून दिले होते, की सारख्या दिसणाऱ्या गोष्टींच्या यादीत जी वेगळी दिसते ती जास्त लक्षात राहते. अट एकच, ती एकटी वेगळी असली पाहिजे. पुस्तकाचे अर्धे पान पिवळे केले तर वेगळे काहीच उरत नाही.

तिसरा प्रयोग घरी मुलांसोबत करून पाहण्यासारखा आहे. हिरव्या पेनाने 'लाल' असा शब्द लिहा, निळ्याने 'पिवळा' लिहा, असे दहा-बारा शब्द लिहा. मग मुलांना शब्द न वाचता फक्त शाईचा रंग सांगायला लावा. जीभ अडखळते, हशा पिकतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी संशोधकाने १९३५ मध्ये हा परिणाम मोजून मांडला. रंग एक सांगतो आणि शब्द दुसरे, अशा वेळी मनाची ओढाताण होते. म्हणून 'झाले' हा शेरा लाल रंगात आणि 'थकले' हा हिरव्यात लिहू नये.

आपल्या आसपास रंगावर चालणारी कामे किती आहेत ते पाहा. मुंबईत १८९० पासून चालत आलेला डबेवाल्यांचा धंदा झाकणावरच्या रंगीत खुणा, अक्षरे आणि आकडे यांवर उभा आहे. डबा कोणत्या भागातून निघाला, कोणत्या स्टेशनवर उतरायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा, हे सारे त्या झाकणावर असते. डबेवाल्यांपैकी अनेकांचे शिक्षण बेताचेच, पण खूण वाचण्यात गल्लत होत नाही. सरकारी असो की खासगी, रुग्णालयातल्या कचऱ्याला २०१६ च्या नियमांनुसार चार रंग आहेत. रक्ताने माखलेल्या पट्ट्या पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्यात. तिथे गोंधळ झाला तर कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला सुई टोचते. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य, हे शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असायला हवे.

या प्रत्येक ठिकाणी रंग मोजके आहेत, अर्थ ठरलेला आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे.

जे सिद्ध झालेले नाही

रंगाने मनःस्थिती पालटते, हा दावा मात्र जपून घ्यावा. १९७९ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे नौदलाच्या तुरुंगातली एक कोठडी गडद गुलाबी रंगवण्यात आली. त्या रंगाने कैदी शांत होतात, अशी बातमी जगभर झाली आणि आणखी काही तुरुंगांनी तोच रंग मारला. पुढे काटेकोर प्रयोग झाले, तेव्हा तो परिणाम टिकला नाही. लाल रंगाने बारकाव्यांकडे लक्ष जाते आणि निळ्याने कल्पकता वाढते, असा एक शोधनिबंध २००९ मध्ये गाजला. नंतर तोच प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिला, तर तसे दिसले नाही.

एखाद्याला हिरव्या खोलीत बरे वाटत असेल तर खोली जरूर हिरवी करावी. आवडीच्या जागी बसायला मन तयार होते, एवढा फायदा पुरेसा आहे. पण त्यासाठी कर्ज काढून घर रंगवायची गरज नाही, आणि मुलाचे गुण भिंतीच्या रंगामुळे कमी पडले असेही समजू नये.

कॅलेंडरावर कोणाचा रंग?

आता घराकडे वळू. आपल्या घरात प्लॅनर आधीपासून आहेच. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेले कॅलेंडर, ज्यावर दुधाचा खाडा, गॅस लागल्याची तारीख आणि भिशीचा दिवस लिहिलेला असतो. शेजारी मशिदीने किंवा मोहल्ल्यातल्या दुकानदाराने दिलेला नमाजच्या वेळांचा तक्ता असतो. हे दोन कागद आणि स्केचपेनचे एक पाकीट, इतक्यावर सगळे भागते.

एक घर डोळ्यांसमोर आणू. दादी, अब्बा, अम्मी, दहावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. अब्बांना निळा रंग द्या, अम्मींना हिरवा, मुलीला जांभळा, मुलाला नारिंगी. दादी मुलांना कायदा शिकवत असतील, भाजी निवडत असतील, तर त्यांनाही एक रंग हवा. तो तपकिरी असू द्या. लाल कोणाचाच नाही. तो फक्त अशा तारखांसाठी राखून ठेवा, ज्या टळल्या तर नुकसान होते. परीक्षेचा अर्ज, फी, कर्जाचा हप्ता, विजेचे बिल, ऑपरेशननंतरची तपासणी. महिन्यात लाल खुणा पाच-सहाच्या वर जाऊ लागल्या तर त्यांतल्या काही खऱ्या लाल नाहीत, असे समजावे.

यानंतरचा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे. काम ज्याच्यासाठी आहे त्याचा रंग द्यायचा नाही, जो ते करतो त्याचा द्यायचा. 'दादींना दवाखान्यात नेणे' हे काम दादींच्या रंगात लिहिले जाणार नाही. अम्मी नेणार असतील तर ते हिरवे, अब्बा नेणार असतील तर निळे. मुलाच्या शाळेची पालकसभा, पाहुण्यांचा स्वयंपाक, पाण्याच्या टाकीची साफसफाई, सगळे याच नियमाने लिहायचे. रोजचा स्वयंपाक, भांडी, कपडे हीसुद्धा कामेच आहेत, म्हणून निदान पहिला आठवडा तीही लिहायची.

आठवडा संपला की दोन पावले मागे सरून कॅलेंडराकडे पाहावे. बहुतेक घरांत ते हिरवे दिसेल, आणि मुलगी मोठी असेल तर हिरव्यात जांभळे मिसळलेले दिसेल. निळे आणि नारिंगी शोधावे लागतील. हा आमचा तर्क नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील दर शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी दिवसभरात घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी २६. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. या पाच तासांना पगार नाही, रजा नाही, आणि घरातले कोणी ते मोजतही नाही. कारण ते दिसत नाहीत. कॅलेंडरावरचा रंग त्यांना दिसते करतो.

याची खरी कसोटी रमजानमध्ये लागते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. अलीकडच्या वर्षांत तो दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात येत आहे. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये दहावीचे काही पेपर रोजातच झाले. अशा दिवशी आपल्या घरातल्या मुलीचा जांभळा रंग कुठे कुठे आहे ते पाहा. सहरीला अम्मीसोबत उठणे, सकाळी पेपर, दुपारी थोडी झोप, असरनंतर भजी, फळे आणि सरबत, मगरिबनंतर भांडी, आणि मग उद्याच्या पेपरचा अभ्यास. त्याच घरात मुलगा दहावीला असता तर त्याच्या रंगात असर ते मगरिब काय लिहिलेले असते? अभ्यास, किंवा आराम.

इथे आम्हाला कोणावर आरोप करायचा नाही. बहुतेक आया-बापांच्या हे ध्यानातच आलेले नसते. मुलगी हाताशी आहे, ती करते, एवढेच. पण कागदावर दोन रंग शेजारी शेजारी दिसले की अब्बा आपणहून म्हणतात, परीक्षा संपेपर्यंत फळे मी कापतो, भांडी हा घासेल. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात गुंतलेले असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, ही हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. आपण ती बयानात ऐकतो. कॅलेंडरावर तिचा रंग दिसला पाहिजे.

आणखी एक गोष्ट तपासावी. अम्मींच्या हिरव्या रंगात एक तरी नोंद त्यांच्या स्वतःसाठी आहे का? वाचन, शिवणाचा क्लास, बहिणीकडे जाणे, चालायला जाणे, स्वतःची रक्ततपासणी. महिनाभरात एकही नसेल तर त्या घराचे नियोजन अजून पुरे झालेले नाही.

दिवसाचे चार कप्पे

घराच्या कॅलेंडरावर रंग माणसाचा असतो. स्वतःच्या डायरीत रंग कामाच्या प्रकाराचा ठेवावा. डोके लागणाऱ्या कामाला निळा, हातापायांच्या कामाला हिरवा, माणसांना भेटण्या-बोलण्याच्या कामाला नारिंगी, आणि लालचा अर्थ तोच. रंग चारच असावेत.

बाजारातल्या प्लॅनरमध्ये सकाळी सहापासून तासातासाच्या ओळी आखलेल्या असतात. आपला दिवस तसा चालत नाही. फजर ते जोहर, जोहर ते असर, असर ते मगरिब आणि मगरिब ते इशा असे चार कप्पे साध्या वहीत आखले तर ते आपल्या जगण्याशी जुळतात. हिवाळ्यात असर-मगरिबमधला वेळ आखडतो, उन्हाळ्यात लांबतो, त्याप्रमाणे काम कमी-जास्त करता येते. ज्या कप्प्यात मन ताजे असते तिथे निळे काम ठेवावे. पुष्कळांसाठी तो फजरनंतरचा असतो. आठवडाभर सगळी निळी कामे इशानंतर ढकलली गेली आहेत असे रंगावरून दिसले, तर थकवा कशाचा आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

अभ्यासाच्या पुस्तकात

मुलांच्या हातात हायलायटर देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पडताळून पाहिल्या. ओळी रंगवणे ही पद्धत त्यात खालच्या दर्जाची ठरली. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणे आणि तोच धडा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करणे, या दोन पद्धती सर्वांत वर होत्या. ओळी रंगवताना अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, पण डोक्यात फारसे उतरत नाही.

म्हणून रंग नंतर वापरावा. आधी पुस्तक मिटून धड्याचे प्रश्न सोडवावेत. मग अनुक्रमणिकेत धड्यासमोर ठिपका द्यावा. पूर्ण आले तर हिरवा, अर्धवट आले तर पिवळा, अडले तर लाल. आठ दिवसांनी पुन्हा तसेच करावे आणि नवा ठिपका जुन्याच्या शेजारी द्यावा. लालचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवा होताना मुलाला स्वतःची वाटचाल दिसते. परीक्षेच्या आदल्या रात्री काय वाचायचे, हा प्रश्नही उरत नाही. लाल आणि पिवळे तेवढे वाचायचे.

कामाची जागा

जागेच्या बाबतीत रंगाआधी उजेड पाहावा. छत आणि वरच्या भिंती पांढऱ्या किंवा फिकट ठेवल्या तर त्याच दिव्याचा उजेड जास्त पसरतो, गडद रंग तो गिळून टाकतो. लहान घरात अभ्यासाचा कोपरा अंधारा असेल तर महागडा दिवा घेण्याआधी तेवढी भिंत चुन्याने किंवा फिकट डिस्टेंपरने रंगवून पाहावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. टेबलाचा वरचा भाग चकचकीत नसावा, त्यावर दिवा चमकतो आणि डोळे शिणतात.

डोळ्यांवर रंगाचा खरा परिणाम कसा होतो, त्याचे एक उदाहरण रुग्णालयात आहे. पूर्वी ऑपरेशनची खोली आणि डॉक्टरांचे कपडे पांढरेशुभ्र असत. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी हिरव्या रंगाचा आग्रह धरला. लाल रंगाकडे अर्धा मिनिट एकटक पाहून पांढऱ्या भिंतीकडे पाहा, तिथे हिरवट डाग तरंगताना दिसेल. रक्ताकडे तासन्‌तास पाहणाऱ्या डॉक्टरांना पांढऱ्या कापडावर असेच डाग दिसत. हिरव्या कापडावर ते मिसळून जातात आणि डोळ्यांना चकाकीही लागत नाही. तिथला हिरवा रंग मन प्रसन्न करण्यासाठी आलेला नाही, कामाच्या गरजेतून आला आहे. आपणही आपल्या जागेचा रंग असाच निवडावा. काळ्या कापडावर जरीकाम करणाऱ्या बहिणीने मांडीवर पांढरी चादर पसरावी, पांढरे मोती ओवणारीने गडद ताटली घ्यावी. सुई आणि मणी शोधण्यातला वेळ वाचतो.

दुकानात आणि कारखान्यात

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या घरांना हे शिकवायला नको. सूतगिरणीतून येणाऱ्या सुताच्या कोनांची टोके वेगवेगळ्या रंगांची असतात, ती काउंट ओळखण्यासाठी. दोन काउंटचे सूत दिसायला सारखे. चुकून एकत्र लागले तर कापडावर पट्टा उमटतो आणि आख्खा ताका कमी भावाने जातो. तिथे टोकाचा रंग पाहणे म्हणजे पैसे वाचवणे.

शिलाईचे काम घेणाऱ्या घरांत ईदच्या आधी कपड्यांचा ढीग पडतो. पावती हरवते, नाव पुसते, चाँदरातीला भांडण होते. प्रत्येक गाठोड्याला द्यायच्या तारखेप्रमाणे चिंधी बांधावी. पहिल्या अशऱ्यात द्यायचे त्याला पांढरी, दुसऱ्यातले हिरवी, तिसऱ्यातले लाल. ढिगात लाल चिंध्या किती झाल्या हे दिसले की नवे काम घ्यायचे की नम्रपणे नाही म्हणायचे, तेही ठरवता येते. किराणा दुकानदाराने उधारीच्या वहीत महिना उलटलेल्या नावासमोर एक रंगीत रेघ ओढावी. वसुलीला निघताना पूर्ण वही चाळायला नको.

रंग ज्यांना वेगळे दिसतात

हे सारे करताना एक सावधगिरी हवी. काहींना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि 'एक्स' गुणसूत्रातून येत असल्यामुळे मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ जास्त आढळतो. शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच या दोषाचे वर्णन केले होते. जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये ठिपक्यांत आकडे लपवलेली चित्रे तयार केली. नेत्रतज्ज्ञ आजही तीच दाखवतात. मुलगा रंगकामात सारखा गोंधळत असेल तर त्याला ओरडण्याऐवजी ही तपासणी करून घ्यावी. वयस्कांना मोतीबिंदूमुळे निळा आणि जांभळा फिका दिसू लागतो, तेही ध्यानात असू द्यावे.

म्हणून रंगाच्या जोडीला अक्षर किंवा चिन्ह असलेच पाहिजे. औषधांच्या बाबतीत तर नक्कीच. दादींच्या सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटावर पिवळी चिठ्ठी लावली तर तिच्यावर सूर्यही काढावा, रात्रीच्या निळ्या चिठ्ठीवर चंद्र काढावा. रमजानमध्ये सहरी-इफ्तारच्या हिशेबाने चिठ्ठ्या बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. साखर आणि रक्तदाबाच्या औषधांच्या वेळा घरच्या घरी बदलू नयेत.

सुरुवात

या आठवड्यात प्लॅनर विकत घेऊ नका. जुम्म्याच्या दिवशी सगळे घरी असतात त्या वेळी कॅलेंडर खाली काढा. रंग वाटून घ्या, लहानांना आपापला रंग निवडू द्या. एका कोपऱ्यात तक्ता लिहा, कोणता रंग कोणाचा आणि लाल कशाचा. पेन त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते सापडणार नाही. मोबाइलच्या कॅलेंडरातही रंग देता येतात, पण ते ज्याच्या हातात मोबाइल आहे त्यालाच दिसतात. भिंत सगळ्यांना दिसते.

पुढच्या जुम्म्याला पाच मिनिटे त्यासमोर उभे राहा. काय राहिले, कोणाकडे जास्त झाले, पुढच्या आठवड्यात कोणते काम कोणाच्या रंगात जाईल, एवढेच बोला. कोणाचा रंग कमी, यावरून टोमणे नकोत. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पेन कोणी हातात घेणार नाही.

वेळेत बरकत असावी अशी दुआ आपण सगळेच करतो. त्या वेळेचा मोठा हिस्सा घरातल्या एक-दोन माणसांच्या हातून खर्च होत असतो. तो आधी दिसू द्या, मग वाटून घेणे सोपे जाते.